मासा कोणाच्या पाण्यातला?

मायामीहून बहामाचे बिमिनी बेट सुमारे ५० सागरी मैलांवर, म्हणजे नव्वदेक किलोमीटरवर आहे. समुद्र शांत असला तर चांगल्या इंजिनाची मोटरबोट दोन-तीन तासांत पोचते. मधून गल्फ स्ट्रीमचा जोरकस, गडद निळा प्रवाह वाहतो आणि त्यात माही-माही, वाहू, कुपा असे मोठे, वेगवान मासे फिरतात. फ्लोरिडातल्या हौशी बोटवाल्यांसाठी ही सुट्टीची ठरलेली सफर. सकाळी निघायचे, वाटेत गळ सोडायचा, बेटावर दोन दिवस काढायचे आणि आइसबॉक्स भरून परतायचे. ऐकायला सरळ आहे. पण या पन्नास मैलांत बोट तीन वेगवेगळ्या कायद्यांच्या पाण्यांतून जाते आणि त्यांच्या मधली एकही रेघ समुद्रावर आखलेली नसते.

किनाऱ्यालगतचे पहिले ३ सागरी मैल फ्लोरिडा राज्याचे. त्यापुढे अमेरिकेचे फेडरल पाणी. मग दोन देशांमधली रेषा आणि तिच्यापलीकडे बहामा. गंमत म्हणजे याच फ्लोरिडाच्या पश्चिमेला, मेक्सिकोच्या आखाताकडे, राज्याची हद्द ३ नव्हे तर ९ सागरी मैल आहे. तो जुन्या हद्दींच्या इतिहासाचा वारसा. म्हणजे एकाच राज्यात, एकाच परवान्यावर, किनाऱ्यापासून पाच मैलांवर उभी असलेली बोट पूर्वेला फेडरल पाण्यात असते आणि पश्चिमेला राज्याच्या.

आपल्याकडे खाडीकाठी गरी टाकून बसलेल्याकडे कागद मागायची रीत नाही. त्यामुळे परदेशात बोट घेतली की पहिला प्रश्न येतो तो ‘परवाना कुठे मिळतो?’ हा. माझ्या मते तो या सगळ्यातला सर्वांत सोपा प्रश्न आहे. परवाना फोनवर पाच मिनिटांत मिळतो. माणसे अडकतात ती परवाना खिशात असताना, कारण परवाना माणसाचा असतो आणि नियम माशाचे. मासा कोणत्या पाण्यात धरला, कशाने धरला, किती लांबीचा धरला आणि धरल्यावर त्याला घेऊन कोणकोणत्या हद्दी ओलांडल्या, हे सगळे परवान्यावर लिहिलेले नसते.

आधी समुद्राच्या मालकीचे बघू. १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा कराराने किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचा पट्टा त्या देशाचा प्रादेशिक समुद्र मानला. २०० सागरी मैलांपर्यंतच्या पट्ट्यात पाण्यावर मालकी नाही, पण मासळीवर हक्क त्या देशाचाच. अमेरिकेने हा करार आजवर स्वीकारलेला नाही. तरी १९८३ मध्ये २०० मैलांचा आणि १९८८ मध्ये १२ मैलांचा पट्टा तिने स्वतःच जाहीर केला. फ्लोरिडा आणि बहामा एकमेकांच्या इतके जवळ आहेत की दोघांना पुरे दोनशे मैल मिळणे शक्यच नाही. मधोमध हद्द मानावी लागते. बहामा हा तर शेकडो बेटांचा देश. करारात अशा द्वीपसमूह-राष्ट्रांना बेटांच्या बाह्य टोकांना जोडणारी रेषा आखून आतले पाणी आपल्या सार्वभौमत्वाखाली घेता येते. म्हणून बहामात ‘दोन बेटांच्या मधला मोकळा समुद्र’ असा प्रकार फारसा उरत नाही.

परक्या देशाच्या प्रादेशिक समुद्रातून कोणाचेही जहाज निरुपद्रवीपणे जाऊ शकते, असे हाच करार सांगतो. पण कोणत्या गोष्टी केल्या की ते जाणे निरुपद्रवी राहत नाही, याची यादीही १९ व्या कलमात दिली आहे. त्या यादीत शस्त्रांचा सराव आहे, हेरगिरी आहे आणि त्यांच्याच रांगेत ‘कोणतीही मासेमारी’ आहे. बोट चालू असताना मागे सहज सोडून दिलेली एक दोरी, तिच्या टोकाला एक चमकदार आमिष, हीदेखील मासेमारीच. ‘आम्ही थांबलोच नव्हतो’ हा बचाव चालत नाही. शिडाच्या बोटीवरून देशोदेशी फिरणारे लोक नेमके इथे चुकतात. दोरी रात्रभर मागे असते, पहाटे बोट दुसऱ्या देशाच्या हद्दीत शिरलेली असते आणि दोरी गुंडाळायचे कोणाच्या लक्षात राहिलेले नसते. या करारात प्रवाशाला एक दिलासा मात्र आहे. २०० मैलांच्या पट्ट्यातल्या मासेमारीच्या गुन्ह्यासाठी परदेशी खलाशाला तुरुंगात टाकता येत नाही, तसा त्या दोन देशांत वेगळा करार असल्याशिवाय. १२ मैलांच्या आत हा दिलासा संपतो.

आता परवाना. फ्लोरिडाबाहेरच्या माणसाला समुद्री मासेमारीचा परवाना ३ दिवसांसाठी १७, ७ दिवसांसाठी ३० आणि वर्षासाठी ४७ डॉलरला मिळतो. राज्याच्या रहिवाशाला वर्षाचे १७ डॉलर पडतात. १६ वर्षांखालच्या मुलांना लागत नाही. इथे रहिवासी म्हणजे नागरिक नव्हे. टॅम्पामध्ये नोकरी करणाऱ्या भारतीय पासपोर्टच्या माणसाकडे फ्लोरिडाचे ड्रायव्हिंग लायसन्स असेल आणि तेच त्याचे एकमेव निवासाचे राज्य असेल तर तो रहिवासी. न्यू जर्सीत वीस वर्षे राहिलेला अमेरिकी नागरिक मात्र इथे पाहुणा. न्यू जर्सीकरांची, म्हणजे तिथल्या मोठ्या मराठी वस्तीचीही, आणखी एक अडचण होते. त्यांच्या राज्यात समुद्रात गळ टाकायला विकतचा परवाना लागतच नाही, फक्त फुकट नोंदणी करावी लागते. तीच सवय घेऊन ते फ्लोरिडात उतरतात.

न्यू जर्सीचा विषय निघालाच आहे तर तिथल्या स्ट्राइप्ड बासबद्दल सांगायलाच हवे. हा किनाऱ्याजवळचा लाडका मासा राज्याच्या ३ मैलांत ठरलेल्या लांबीचा धरता येतो. पण ३ मैलांची रेषा ओलांडून फेडरल पाण्यात गेलात की १९९० पासून त्याला धरायलाच बंदी आहे. माणूस तोच, बोट तीच, नोंदणी तीच, मासाही तोच. बदलते फक्त जीपीएसवरचे स्थान.

परवान्याचे पैसे म्हणजे सरकारचा आणखी एक कर, असे म्हणून नाक मुरडणारे भेटतात. अमेरिकेपुरते तरी ते खरे नाही. १९५० च्या डिंगेल-जॉन्सन कायद्यानुसार गळ, रीळ, आमिषे यांवरचे उत्पादनशुल्क मत्स्यसंवर्धनासाठी राखून ठेवले जाते. १९८४ मध्ये मोटरबोटींच्या इंधनावरचा करही त्यात जोडला गेला. हा पैसा राज्यांना वाटताना ४० टक्के भार राज्याच्या क्षेत्रफळावर आणि ६० टक्के भार परवानाधारकांच्या संख्येवर असतो. म्हणजे १७ डॉलरचा परवाना घेणारा माणूस त्या राज्याच्या पदरात १७ डॉलरांहून अधिक टाकतो, कारण त्याचे डोके मोजले जाते.

पण या एका परवान्यावर सगळे भागत नाही. फ्लोरिडात स्नूक धरायचा तर १० डॉलरचा आणि शेवंड धरायची तर ५ डॉलरचा जोडपरवाना लागतो. खाजगी बोटीवरून तांबोशी-गोबऱ्यांच्या कुळातले काही ठरावीक मासे धरायचे तर ‘स्टेट रीफ फिश अँगलर’ ही फुकटची नोंद करावी लागते. ती घेण्यामागचा हेतू पैसे नसून किती लोक हे मासे धरतात ते कळावे हा आहे. फेडरल पाण्यात कुपा, तलवारमासा, मार्लिन किंवा मुशी यांच्या मागे जायचे तर त्यासाठी वेगळा फेडरल परवाना लागतो आणि तो माणसाचा नव्हे, बोटीचा असतो. भाड्याने बोट घेणाऱ्यांनी हे कागद आहेत का, ते निघण्याआधी विचारावे.

किती मासे, किती लांबीचे, हा यापुढचा थर. फ्लोरिडाच्या अटलांटिक बाजूच्या राज्य-पाण्यात माही-माही दिवसाला माणशी ५, तर फेडरल पाण्यात माणशी १०. लांबी किमान २० इंच, पण ती मोजायची कशी? नाकाच्या टोकापासून शेपटीच्या बेचक्यापर्यंत. तांबोशीच्या जातींना मात्र शेपटीच्या शेवटच्या टोकापर्यंत मोजतात. मोजपट्टी तीच, पण मासा बदलला की पट्टीचे टोक कुठे थांबवायचे ते बदलते आणि अर्ध्या इंचाने मासा बेकायदा ठरतो.

किमान लांबीचे कारण उघड आहे: माशाला निदान एकदा अंडी घालू द्यावीत. महाराष्ट्रानेही २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांना अशी किमान लांबी ठरवून दिली, त्यात त्याच वर्षी राज्यमासा म्हणून जाहीर झालेले पापलेटही आहे. पण फ्लोरिडातल्या रेड ड्रमसारख्या माशाला लांबीची वरची मर्यादाही आहे. तो १८ ते २७ इंचांच्या मधलाच ठेवता येतो. त्याहून मोठा असेल तर परत सोडायचा. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे उलटे वाटते. मोठा मासा मिळावा म्हणूनच तर माणूस गळ टाकतो! पण मोठी, जुनी मादी ही लहान मादीपेक्षा थोडी जास्त नव्हे, तर कितीतरी पट जास्त अंडी घालते. अनेक जातींमध्ये तिच्या पिल्लांची जगण्याची शक्यताही अधिक असते. अशी एक मादी गेली तर तिची भरपाई चार लहान माद्यांनी होत नाही. आपल्या कोळ्यांना गाबोळीच्या माशाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. या नियमाने ते फूटपट्टीत बसवले, एवढेच.

सोडायचा म्हणजे नुसता पाण्यात फेकायचा, असेही नाही. खोल पाण्यातून वर ओढलेल्या माशाच्या पोटातली हवेची पिशवी दाब कमी झाल्याने फुगते. पोट तोंडातून बाहेर येते, डोळे सुजतात आणि तो पाण्यावर उलटा तरंगत राहतो. पक्षी किंवा मुशी त्याला उचलतात. म्हणून फ्लोरिडाच्या अटलांटिक बाजूच्या फेडरल पाण्यात तळाचे मासे धरणाऱ्या बोटीवर जुलै २०२० पासून ‘डिसेंडिंग डिव्हाइस’ तयार ठेवणे सक्तीचे आहे. नाव भारदस्त असले तरी काम साधे असते. माशाचा जबडा चिमट्यात धरायचा, खाली वजन लावायचे आणि त्याला खोलवर नेऊन सोडायचे. दाब वाढला की पिशवी आपोआप आवळते. बोटीवर हे साधन नसेल तर एकही मासा न धरताच नियम मोडलेला असतो.

आता बिमिनी. बहामाच्या पाण्यात शिरलेल्या बोटीने पिवळा ‘क्यू’ झेंडा लावायचा, ठरलेल्या प्रवेशबंदरावर जायचे आणि कस्टम्स व इमिग्रेशन उरकून क्रूझिंग परवाना घ्यायचा. पूर्वी मासेमारीची परवानगी त्याच शुल्कात येत असे. २०२५ च्या मध्यात शुल्करचना बदलली आणि ती वेगळी घ्यायची झाली. जुन्या मित्राने दिलेली माहिती इथे घात करते. त्याच्या वेळी खरे असलेले आज खरे असेलच असे नाही.

परवाना घेतला तरी परदेशी बोटीने मासे धरायचे ते गळानेच, आणि एका वेळी पाण्यात सहाहून जास्त दांडे नकोत. पाण्याखाली भाला वापरायचा असेल तर रबरी पट्टा हाताने ताणून सोडायचा ‘हवाइअन स्लिंग’ चालतो. घोडा ओढून उडवायची स्पीअरगन चालत नाही. पाठीवर हवेची टाकी बांधून मासे किंवा शेवंडी धरायलाही पाहुण्यांना बंदी आहे. श्वास रोखून जेवढे खाली जाल तेवढेच. हा नियम मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. कोणत्याही पहारेकऱ्याशिवाय तो तळाचा बराचसा भाग राखून ठेवतो. खोलवर बसलेल्या मोठ्या गोबऱ्याला ती खोलीच वाचवते.

मर्यादाही इथे माणशी नव्हे, बोटीवर आहेत. सुरमई, माही-माही, कुपा, वाहू हे मिळून बोटीवर १८ मासे, तळाचे मासे ६० पौंड किंवा २० नग, शेवंडी १०, काँक नावाचे मोठे शंखप्राणी ६. आणि ही ‘दिवसाची’ मर्यादा नव्हे, तर कोणत्याही क्षणी बोटीवर असू शकणारा साठा. आठ दिवस राहिलात म्हणून आठपट होत नाही. कालचे संपवा, मग आजचे धरा. बोटीवर आठ माणसे असली तरी आकडा तोच. फ्लोरिडातल्या माणशी हिशेबाची सवय झालेल्याचे गणित इथे सपशेल चुकते.

कासवांना हात लावायचा नाही. २००९ पासून पूर्ण बंदी आहे. मुशींची व्यापारी मासेमारी २०११ पासून बंद आहे. नासाऊ गोबरा १ डिसेंबर ते फेब्रुवारीअखेर बंद. हा मासा एरवी एकेकटा राहतो, पण हिवाळ्यातल्या पौर्णिमेच्या सुमारास दूरदूरहून ठरावीक जागी हजारोंनी जमतो आणि तिथेच अंडी घालतो. जागा एकदा कळली की गळ टाकणाऱ्याला काही कष्टच उरत नाहीत. कॅरिबियन समुद्रातले असे कित्येक मेळावे याच कारणाने कायमचे उठले. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै बोटी वर ओढल्या जातात, त्यामागेही अंडी घालण्याचा हंगाम हेच कारण आहे. फक्त तिथे बंदी एका जातीला आहे आणि इथे यांत्रिक बोटींच्या सगळ्याच मासेमारीला.

शेवंडीचे वेळापत्रक तर दोन देशांनी जणू पाहुण्यांची परीक्षा घ्यायलाच आखले आहे. बहामात शेवंड १ एप्रिल ते ३१ जुलै बंद. फ्लोरिडात मुख्य हंगाम ६ ऑगस्ट ते ३१ मार्च; पण हौशी लोकांसाठी जुलैच्या शेवटच्या बुधवार-गुरुवारी दोन दिवसांचा छोटा हंगाम खास उघडतात. म्हणजे त्या बुधवारी मायामीजवळ शेवंड धरणे कायदेशीर आणि बिमिनीत गुन्हा. मग १ ते ५ ऑगस्ट हे पाच दिवस बरोबर उलटे. शिवाय फ्लोरिडात टाकी बांधून खाली जाता येते, पण शेवंडीचे कवच भोसकणारे कोणतेही हत्यार वापरता येत नाही. बहामात भाला चालतो, टाकी नाही. फ्लोरिडात तिच्या पाठीचे कवच ३ इंचांहून मोठे आहे की नाही, ते पाण्यात असतानाच पट्टीने मोजायचे आणि तिला अख्खीच किनाऱ्यावर आणायचे. बहामात नुसती शेपटी तोडून ठेवली तरी चालते, पण ती साडेपाच इंचांची हवी. पोटाखाली अंडी असलेली मादी मात्र दोन्हीकडे सोडायची. एवढे एकमत दोन्ही सरकारांचे आहे.

काही जागा तर सगळ्यांसाठीच बंद. बहामातल्या एक्झुमा बेटांमधले जमीन-सागर उद्यान १९५८ मध्ये स्थापन झाले आणि १९८६ पासून तिथून मासा, शिंपला, पोवळे, काहीही उचलायला मनाई आहे. तेवढ्या भागात नांगर टाकून राहता येते. गळ मात्र आत ठेवायचा.

खरी गुंतागुंत परतीच्या वाटेवर सुरू होते. अमेरिकेच्या फेडरल पाण्यात बोटीवरचा मासा अख्खा, डोके-परांसह असावा, असा सर्वसाधारण नियम आहे, कारण साफ करून तुकडे केले की तो कोणता होता आणि किती लांब होता ते सांगता येत नाही. पण बहामात दोन-चार दिवस राहून आलेला माणूस अख्खे मासे बर्फात कुठवर ठेवणार? म्हणून २०१६ पासून माही-माही, वाहू आणि तांबोशी-गोबऱ्यांच्या काही जातींना सूट मिळाली: तुकडे चालतील, पण एका बाजूची कातडी पूर्ण शाबूत हवी, आणि दोन तुकडे म्हणजे एक मासा असे मोजले जाईल. बहामाचे परवाने बोटीवर हवेत. बोटीवरच्या प्रत्येकाच्या पासपोर्टवर बहामाचा शिक्का हवा. पासपोर्टचा हा उपयोग फारसा कोणाच्या डोक्यात येत नाही. इथे तो मासा कुठला आहे, याचा पुरावा ठरतो.

त्याशिवाय बोट अमेरिकेच्या पाण्यात कुठेही न थांबता सरळ गेली पाहिजे, आणि गळाचे सामान आवरून ठेवलेले हवे: गरी, वजन, आमिष दांड्यापासून सोडवून वेगळे, दांडे बांधलेले. म्हणजे आइसबॉक्समध्ये बहामाचे तुकडे असताना येताना गल्फ स्ट्रीममध्ये ‘एक शेवटचा फेरा’ मारायचा नाही. मारला की आइसबॉक्समधला सगळा माल बहामाचा होता हे सिद्ध करण्याची सोय तुम्ही स्वतःच घालवता. आणि सूट फक्त तुकड्यांपुरती आहे, संख्येची नाही. वाहूची अमेरिकी मर्यादा दिवसाला माणशी २. चौघांच्या बोटीवर बहामात १८ वाहू कायदेशीर असतील, पण मायामीकडे येताना त्यांतले दहा अडचणीत आणतील. काँकचा मामला याहून नाजूक आहे. फ्लोरिडाने स्वतःच्या पाण्यातून काँक उचलायला १९८० च्या दशकातच बंदी घातली. १९९२ पासून त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स करारात नियंत्रित आहे आणि २०२४ मध्ये अमेरिकेने त्याला संकटग्रस्तांच्या यादीत घातले. तो आणू नये, तिथेच खावा, हा माझा सल्ला. बहामातल्या धक्क्यांवर लिंबू-मिरची मारून मिळणारी त्याची कोशिंबीर घरी आणून तशी लागतही नाही.

या सगळ्याच्या वर एक जुना अमेरिकी कायदा बसला आहे: १९०० चा लेसी अॅक्ट. परदेशाचा कायदा मोडून मिळवलेला प्राणी किंवा मासा अमेरिकेत आणणे हा अमेरिकेतलाच गुन्हा, असे तो मानतो. बहामाच्या अधिकाऱ्याने पकडले नाही म्हणून सुटलो, असे त्यामुळे म्हणता येत नाही. या कायद्याचा हात किती लांब जातो ते होंडुरासच्या शेवंडींच्या खटल्याने दाखवले. १९९९ मध्ये अलाबामात सुमारे ७० हजार पौंड शेवंड-शेपट्यांचा माल जप्त झाला. काही शेपट्या साडेपाच इंचांहून लहान होत्या, आणि होंडुरासच्या नियमाप्रमाणे माल पुठ्ठ्याच्या खोक्यांत हवा असताना तो प्लास्टिकच्या पिशव्यांत भरला होता. तिघांना आठ वर्षांहून थोडी अधिक शिक्षा झाली. पुढे होंडुरासच्या सरकारनेच तो नियम मुळात वैध नव्हता असे सांगितले, तरी अमेरिकेच्या अपील न्यायालयाने २००३ मध्ये शिक्षा कायम ठेवली. तो व्यापारी मालाचा खटला होता, हौशी माणसाच्या आइसबॉक्सचा नव्हे. पण तत्त्व दोघांना एकच लागू होते.

इतर देशांत हीच कोडी वेगळ्या पद्धतीने सोडवलेली दिसतात. मेक्सिकोत खाजगी बोटीवर मासेमारीचे सामान असेल तर बोटीवरच्या प्रत्येकाकडे परवाना हवा, त्याने दांड्याला हात लावलेला असो वा नसो. पश्चिम ऑस्ट्रेलियात २०१० पासून यांत्रिक बोटीवरून मासे धरण्यासाठी वेगळा परवाना आहे, पण बोटीवर एकाकडे तो असला तरी बाकीचे गळ टाकू शकतात; मात्र सगळ्यांचे मासे त्या एकाच्या मर्यादेत बसले पाहिजेत. क्वीन्सलंडच्या किनाऱ्यावर समुद्री परवानाच नाही, तिथे नकाशा हाच कायदा. ग्रेट बॅरियर रीफचा सुमारे एक तृतीयांश भाग २००४ पासून हिरव्या रंगात आहे: त्यातून बोट न्यावी, नांगर टाकावा, पण गळ आवरून ठेवावा. पिवळ्या भागात माणशी एकच दोरी आणि एकच गरी.

नॉर्वेत परदेशी माणसाला समुद्रात हातातल्या गळाने मासे धरायला परवाना लागत नाही, पण देशाबाहेर मासा नेताना गाठ सीमेवर पडते. २०२१ च्या नियमाने वर्षातून दोनदा, प्रत्येक वेळी १८ किलो नेता येत असे, आणि तेही नोंदणीकृत पर्यटन-मासेमारी व्यवसायाकडे राहिलेल्यालाच. स्वतःच्या बोटीने फिरणाऱ्याला काहीच नाही. इंग्लंडमध्ये कालव्यावर अरुंद लांब बोट भाड्याने घेऊन हिंडणाऱ्या कुटुंबाला वाटते की पाणी सार्वजनिक, मासे सार्वजनिक. तिथे समुद्रात परवाना लागत नाही, पण गोड्या पाण्यात १३ वर्षांवरच्या प्रत्येकाला रॉड लायसन्स हवे, आणि त्याशिवाय त्या काठाचा मासेमारी हक्क ज्याच्याकडे असेल त्याची परवानगीही. मालदीवला जाणाऱ्यांसाठी सगळे रिसॉर्टचा होडीवाला पाहतो. पण हातदोरीला मुशी लागली तर ती सोडायची, २०१० पासून तिच्या शिकारीला बंदी आहे.

कॅप्टनसह बोट भाड्याने घेतली तर यातले बरेच ओझे उतरते. फ्लोरिडात परवानाधारक चार्टर बोटीवरच्या गिऱ्हाइकाला वेगळा परवाना घ्यावा लागत नाही. बोटीचा परवानाच त्यांना झाकतो. माशांची लांबी, संख्या, बंद हंगाम या गोष्टी कॅप्टन बघतो, कारण त्याचे पोट त्यावर आहे. स्वतः बोट चालवणाऱ्याने मात्र नियम त्याच आठवड्यात, संबंधित सरकारच्या संकेतस्थळावर पाहावेत आणि निघण्याआधी फोनमध्ये उतरवून घ्यावेत. फिश रूल्ससारखी अॅप जीपीएसवरून तुम्ही कोणत्या हद्दीत आहात आणि तिथे आज काय चालू आहे ते सांगतात, पण किनारा मागे पडला की नेटवर्क जाते. परवान्यांची छापील प्रतही कोरड्या पिशवीत ठेवावी. भिजलेला फोन तपासणी अधिकाऱ्याला काही दाखवू शकत नाही. परतल्यावर धक्क्याला लागताच अमेरिकी सीमाशुल्क विभागाला कळवावे लागते. छोट्या बोटींना ते सीबीपी रोम या अॅपवरून करता येते. तिथे मासे आणले आहेत का, असे विचारले तर हो म्हणावे आणि आकडा तुकड्यांचा नव्हे, माशांचा सांगावा.